चाहूल देणारा हात

गेल्या वर्षी नोव्हेंबरात मी इंग्लंडमधील लेस्टर येथे माझ्या लेकीकडे काही महिन्यांच्या मुक्कामास होतो. तिच्या तेरा वर्षांच्या मुलाने दोन वर्षे अखंड आर्जव केल्यानंतर जावयांनी त्याच सुमारास कॉर्न स्नेक या बिनविषारी जातीच्या सापाचे एक पिलू घरी आणले. आणि ते आल्याच्या तिसऱ्याच दिवशी, पेटीचे झाकण उघडून मोठ्या उत्सुकतेने आत घातलेल्या त्या मुलाच्या हातावर, शिसपेन्सिलीएवढ्या जाडीच्या त्या जिवाने विजेच्या वेगाने झडप घालून दंश केला. पुढील पंधरवड्यात हाच प्रकार आणखी चार वेळा घडला. जखम म्हणावी असे काही नव्हते, गुलाबाचा काटा ओझरता लागावा तसे दोन-चार बारीक ओरखडे तेवढे उमटत. परंतु ज्या प्राण्याची त्याने दोन वर्षे वाट पाहिली तोच आपला हात पाहताच चवताळून उठतो, या गोष्टीने त्या मुलाचे मन असे काही दुखावले की, तो त्या पेटीकडे पाहीनासा झाला.

दूरध्वनीवरून ही वार्ता रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी पोहोचताच माझ्या थोरल्या बहिणीने, माईने, तत्काळ निर्वाळा दिला की, पिलाने पोरावर डूख धरलेला आहे, ते आल्या पावली परत करावे. माई आयुष्यभर सापांच्या सान्निध्यात राहिलेली आहे. माजघरात शिरलेली धामण तिने कुणाला मारू न देता दाराबाहेर जाऊ दिल्याचे मी लहानपणी पाहिले आहे, आणि नागपंचमीच्या दिवशी चिरणे, तळणे वा जमीन उकरणे आमच्या घरात आजही होत नाही. तेव्हा तिच्या बोलण्यात सापाविषयी द्वेष नव्हता. परंतु डूख हा शब्द मात्र माझ्या मनात राहिला, कारण या एका शब्दापाशीच आपली सर्पविषयक समजूत पिढ्यान् पिढ्या अडकून पडलेली आहे असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

वर्षानुवर्षे मनात वैर जपून संधीची वाट पाहणाऱ्या मनुष्याविषयी आपण म्हणतो की, त्याने डूख धरला; आणि असे म्हणताना ते वैर मुळात सापाचे आहे, मनुष्याने ते केवळ उसने घेतले आहे, असे गृहीत धरतो. सापाच्या ठायी अशा दीर्घ सूडबुद्धीचा मागमूसही आजवर कुणाला आढळलेला नाही. साप शिकत नाही असे मात्र मुळीच नाही. तो वास ओळखतो, आपल्या बिळाची वाट ओळखतो, आणि आपल्या कोणत्या कृतीने कोणते संकट टळले याची नोंद त्याच्या इवल्याशा मेंदूत निश्चितपणे होते. किंबहुना आमच्या घरातील पिलाने जे काही धरले होते ते हेच होते, आणि ते त्याला शिकविण्याचे काम, नकळत का होईना, माझ्या नातवाच्या हातानेच केले होते.

यासाठी प्रथम त्या पिलाची कैफियत ऐकून घेतली पाहिजे. अमेरिकेच्या आग्नेय भागात, न्यू जर्सीपासून फ्लॉरिडापर्यंत, पाइनच्या रानांत, शेतांच्या बांधांवर आणि धान्याच्या कोठारांच्या आसपास ही जात राहते. उंदीर हे तिचे मुख्य भक्ष्य. त्या दृष्टीने तिला तिकडची धामण म्हणावे. अंड्यातून बाहेर येणारे पिलू वीत-सव्वा वीत लांब आणि वजनाने जेमतेम सहा ते आठ ग्रॅम असते. मादी अंडी घालून निघून गेलेली असते, त्यामुळे जन्मल्या क्षणापासून त्याला ना आईचा आधार ना भावंडांची सोबत. आणि पक्षी, लहानमोठी श्वापदे, इतर साप या सर्वांच्या लेखी ते केवळ एक घास असते. वरून सरकत येणारी सावली म्हणजे पक्ष्याची चोच, हा धडा त्याला कुणी द्यावा लागत नाही. तो घेऊनच ते जन्मास येते. त्याच्यापाशी विष नाही, नख्या नाहीत, पळावयास जागा असेल तर ते पळते, आणि पेटीच्या चार भिंतींत तीही नसेल तर मानेचा नागमोडी आकडा करून, शेपटीचे टोक थरथरवून, आपण आहोत त्याहून भयंकर आहोत असा देखावा उभा करण्यापलीकडे आणि अखेरीस झडप घालण्यापलीकडे त्याच्या हाती काय उरते? पाचोळ्यात थरथरणाऱ्या त्या शेपटीचा आवाज त्याच प्रदेशातील जहरी रॅटलस्नेकच्या आवाजासारखा येतो, आणि एवढ्याशा साम्यावर त्या जिवाची सारी भिस्त असते.

दुसरी एक गोष्ट मला त्या हिवाळ्यात समजली, आणि तिने माझ्या मनावर अतिशय खोल परिणाम केला. सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यांवर एक पारदर्शक खवला कायमचा बसविलेला असतो. अर्थात निद्रिस्त साप आणि जागा साप या दोहोंचे डोळे सारखेच उघडे दिसतात. आपण पेटीपाशी जातो, पिलू आपल्याकडे टक लावून पाहत आहे अशी आपली समजूत होते, आपण त्याला निःशंकपणे उचलतो. आणि ते बिचारे त्या क्षणी गाढ झोपेत असण्याचा संभव असतो. झोपलेल्या लहान मुलाला कुणी अचानक मानेला धरून हवेत उचलले, तर ते जो आक्रोश करील त्याला आपण वैर म्हणणार नाही. सापाच्या पिलाला आक्रोश करता येत नाही, एवढाच काय तो भेद. त्याला बाहेरचे कानही नाहीत. जमिनीची थरथर त्याच्या खालच्या जबड्याच्या हाडांतून अंतःकर्णापर्यंत पोहोचते आणि हवेतील खर्जाचे आवाज त्याला थोडेफार जाणवतात, परंतु आपण लाडाने मारलेल्या हाकेतील लाड त्याच्यापर्यंत कधीही पोहोचत नाही. त्याचे खरे ज्ञानसाधन म्हणजे ती दुभंगलेली जीभ, जी हवेतील गंधाचे कण टिपून टाळूतील इंद्रियाकडे नेत असते. अशा जिवापुढे उंदराचा वास लागलेला हात नेला, तर त्याने त्यास अन्न समजावे. आणि बिनवासाचा हात अकस्मात वरून आणला, तर त्याने त्यास शत्रू समजावे, यात नवल ते कोणते?

ज्या दुकानातून ते पिलू आणले होते तेथे तीस-चाळीस वर्षे सापांची देखभाल केलेल्या एक वयस्क बाई होत्या. नातवाला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी आमची तक्रार शांतपणे ऐकली आणि मुलाला एकच प्रश्न विचारला: चावल्यावर तू काय करतोस? तो म्हणाला, हात मागे घेतो आणि झाकण लावतो. यावर त्यांनी जे सांगितले त्याचा मथितार्थ असा की, प्रत्येक दंशासरशी त्या पिलाला उमगत गेले की दंश केला म्हणजे संकट टळते. पाच वेळा त्याने हा प्रयोग केला आणि पाचही वेळा तो यशस्वी झाला. तेव्हा बदलावयाचा आहे तो हात, पिलू नव्हे.

मग त्यांनी जी पद्धती सांगितली ती इतकी साधी आणि तरीही इतक्या धीराची आहे की, ती सविस्तर सांगणे मला अगत्याचे वाटते. आठवडाभर पेटीस कुणी हातच लावू नये. पाणी बदलावे आणि दूर व्हावे. पेटीत लपावयास दोन आडोसे असावेत, एक उबेच्या बाजूस व एक गारव्याच्या बाजूस, म्हणजे ऊब हवी की सुरक्षितता हवी अशी निवड करण्याची पाळी त्या जिवावर येणार नाही. दोन-तीन वेळा ते निर्वेधपणे जेवले, म्हणजे नवे घर त्याने स्वीकारले असे समजावे. त्यानंतर हात स्वच्छ धुऊन, बाजूने आणि खालच्या पातळीवरून, संथपणे न्यावा. परंतु त्याही आधी कागदाच्या सुरळीने वा बोथट काडीने त्याच्या अंगाच्या मध्यभागी हलकेच स्पर्श करून आपण आल्याची चाहूल द्यावी. या स्पर्शाने झोपलेले असेल तर ते जागे होते, आणि अन्नाच्या आशेने तोंड वळविलेले असेल तर हे अन्न नव्हे हे त्यास कळते. मग डोक्याकडे न जाता मधल्या अंगाखाली बोटे सरकवून, एकदा उचलावयाचे ठरविले म्हणजे न कचरता, उचलावे. कारण पुढे जाऊन अर्ध्यावर थबकणारा, थरथरत मागे-पुढे होणारा हात हाच सर्वांत अधिक घाबरविणारा असतो. मुठीत आवळू नये. एका हातावरून दुसऱ्या हातावर त्याला वाहू द्यावे, जणू हात ही झाडाची फांदी आहे. आणि पाच मिनिटांत, ते शांत असतानाच, परत ठेवावे. जेवणानंतर दोन दिवस त्यास उचलू नये, नाही तर खाल्लेले उलटून टाकते. आणि कात टाकण्यापूर्वी डोळ्यांवर निळसर साय येते तेव्हाही उचलू नये, कारण त्या दिवसांत त्यास नीट दिसत नाही आणि अंधुक दिसणाऱ्या जिवाची धास्ती दुपटीने वाढते.

चाहूल! हा शब्द मनात येताच मला माझे वडील आठवले. पावसाळ्याच्या रात्री गावच्या पाणंदीतून ते घरी येत तेव्हा त्यांची काठी चिऱ्यांवर ठक् ठक् वाजत असे, आणि लहानपणी मी त्याचे कारण विचारले असता त्यांनी सांगितले होते की, त्याला वाट सोडायला वेळ मिळाला पाहिजे. त्याला म्हणजे कुणाला, हे आमच्याकडे रात्रीच्या वेळी उच्चारीत नाहीत. ज्या ज्ञानासाठी मी लेस्टरच्या दुकानात गेलो ते माझ्या वडिलांच्या काठीत होते. फक्त आम्ही मुलांनी ते जपले नव्हते.

तरीही दंश व्हावयाचाच तर होतो, आणि त्या वेळी काय करावे हेही मुलाला शिकविणे भाग होते. सापाचे दात आतल्या बाजूस वळलेले असतात. हात झटकून ओढला तर कातडे अधिक फाटते आणि पिलाचा नाजूक जबडा दुखावतो, दात तुटून जखमेत राहतात. बहुतेक वेळी ते तत्क्षणी सोडते. अन्न समजून धरून बसलेच, तर थंड पाण्याची धार पुरेशी होते. मग साबणाने जखम धुवावी आणि धनुर्वाताच्या लशीची मुदत उलटली नाही ना हे पाहावे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून दंश असो वा नसो, हाताळणीनंतर हात धुणे हा नियम मोडता कामा नये, आणि पाच वर्षांखालील बालकांच्या हाती हे प्राणी देऊच नयेत.

माझ्या नातवाने डिसेंबर महिनाभर ही शिस्त पाळली. हाताळणीच्या पहिल्या आठवड्यात झडप आली, त्याने हात मागे घेतला नाही, तेथेच स्थिर ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते हे मी पाहिले, परंतु हात हलला नाही. पिलाने दुसऱ्यांदा झडप घातली आणि तिसऱ्यांदा घातली नाही. जानेवारीच्या मध्यास ते त्याच्या मनगटाभोवती सैल वेटोळे घालून, जिभेने त्याच्या सदऱ्याच्या बाहीचा वास घेत बसू लागले. त्याला मुलाविषयी प्रेम वाटू लागले असा दावा मी करणार नाही. भय गेले होते, आणि मनुष्याच्या हाती विसंबलेल्या मुक्या प्राण्याला यापरते मोठे काही देता येईल असे मला वाटत नाही.

या प्रकरणातील कायद्याची बाजूही विचार करण्याजोगी आहे. इंग्लंड आणि वेल्स येथे २००६ साली झालेल्या प्राणिकल्याणाच्या कायद्यान्वये सोळा वर्षांखालील मुलास प्राणी विकता येत नाही. मालकी प्रौढाची, आणि त्या मालकीबरोबर योग्य निवारा, योग्य आहार, स्वाभाविक वर्तनास वाव आणि वेदना-व्याधींपासून संरक्षण पुरविण्याची जबाबदारीही त्याचीच. विषारी सापांसाठी तर १९७६च्या कायद्याने स्थानिक प्रशासनाचा परवाना सक्तीचा केलेला आहे. कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षे सहज जगतो. तेरा वर्षांच्या मुलाने हट्टाने आणलेला जीव त्याच्या तिशीपर्यंत सोबत करणार, हे जावयांनी पैसे मोजण्यापूर्वी त्याच्याशी बोलून घेतले, आणि त्या शाकाहारी घरात पिलाच्या खाण्यासाठी गोठविलेल्या उंदरांची वेगळी पेटी ठेवावयास माझी लेक कबूल झाली, ही गोष्ट मला त्या खरेदीहूनही मोलाची वाटते.

आता हे सर्व वाचून महाराष्ट्रातील एखाद्या तरुण वाचकास सापाचे पिलू आणून पाळावेसे वाटेल, तर त्याला मी स्पष्टपणे आणि कळकळीने नको म्हणेन. आपल्या भूमीतील साप १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ते पकडून घरी ठेवणे, त्यांचे खेळ करणे हा गुन्हा आहे. बॉल पायथनसारखे परदेशी साप ज्यांच्यापाशी आहेत त्यांना २०२२ची दुरुस्ती आणि २०२४चे नियम यांनुसार सरकारदरबारी नोंद करावी लागते. परंतु कायद्याहूनही बळकट असे एक कारण आहे. लेस्टरमधील मुलाला आपल्या हातातील प्राणी बिनविषारी आहे याची पक्की खात्री होती. आपल्याकडे ती खात्री भल्याभल्यांना देता येत नाही. घोणशीचे पिलू अजगराचे समजून उचलल्यामुळे आणि मण्यार ही कवड्या समजून हाताळल्यामुळे माणसे प्राणास मुकलेली आहेत, आणि घोणशीचे पिलू जन्मतःच विषारी असते. धीराने दिलेली चाहूल पिलाची भीती घालविते, विष घालवीत नाही.

आणि म्हणूनच अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जी दृश्ये दिसतात, ती पाहून माझे मन विषण्ण होते. घरात शिरलेला नाग पकडावयास आलेला तरुण, त्यास पिशवीत घालून वनविभागाच्या सल्ल्याने सोडून देण्याऐवजी, दिवसाउजेडी जमलेल्या गर्दीसमोर त्याची शेपटी ओढतो, फणा काढावयास लावतो, तोंडाजवळ तोंड नेतो, आणि तो घाबरलेला जीव फुत्कारला की टाळ्या पडतात. निष्ठेने काम करणारे सर्पमित्र मला ठाऊक आहेत, रात्री-अपरात्री पदरमोड करून ते धावतात. त्यांच्या नावाला या प्रदर्शनाने काळिमा लागतो. पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे हे ७२ विषारी सापांसमवेत ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले होते. शहाण्याने त्याचे अनुकरण करू नये. परंतु त्यातून निघणारा अर्थ असा की, न डिवचलेला, न दचकलेला साप माणसाला टाळतो. आजची दृश्ये मुद्दाम दचकविण्याचीच आहेत. त्यांचे चित्रण प्रसारित करणाऱ्यांवर वनखात्याने कारवाई करावी, आणि साप पकडण्याची मुभा ज्यांना द्यावयाची त्यांच्यासाठी ही एक अट लेखी असावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

कारण प्रश्न करमणुकीचा नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अभ्यासकांचा हिशेब आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांत बहुसंख्य खेड्यांतील, शेतांत राबणारी. भाताची कापणी करताना, सरपण उचलताना, अंधारात अनवाणी परसात जाताना कुणाचा तरी हात वा पाय अशा जिवावर पडला, ज्याला आगाऊ चाहूल लागली नव्हती. त्या सापांनी डूख धरलेला नव्हता. त्यांतील बहुतेकांनी त्या माणसाला त्यापूर्वी पाहिलेही नव्हते. विजेरी, पायांत जाड वहाणा, हातात काठी आणि जमिनीवर झोपणाऱ्याला मच्छरदाणी, या अल्पमोली वस्तू प्रत्येक शेतमजुराच्या घरी असाव्यात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष व ते देऊ जाणणारा डॉक्टर रात्रीही असावा. शाळेत सापांचे चार विषारी प्रकार पाठ करून घेणारे आपण, साप दचकतो कसा आणि दचकल्यावर दिसतो कसा, हे का शिकवीत नाही?

या वर्षी ऑगस्टमध्ये नातू सुट्टीला गावी आला. पावसाची उघडीप होती. रात्री जेवणे आटोपल्यावर तो आणि मी विजेरी घेऊन पडवीतून खाली उतरलो. माईने दिलेली काठी त्याच्या हातात होती आणि ती तो पायरीपायरीवर वाजवीत होता. गडग्यापाशी प्रकाशात एक साप आला. मान आखडून त्याने नागमोडी आकडा केला आणि तोंड किंचित उघडले. तो तस्कर होता, कॉर्न स्नेकचा आपल्याकडील नातलग, बिनविषारी. पण हे मुलाला ठाऊक नव्हते, आणि मीही त्या क्षणी बोललो नाही. मी पुढे पाऊल टाकणार तोच त्याने माझा हात धरला. 'आजोबा, हलू नका,' तो हळूच म्हणाला, 'तो घाबरलाय.' विजेरीचा झोत त्याने बाजूला वळविला. काही क्षणांनी मानेचा तो आकडा सैल झाला, आणि गडग्याच्या दोन चिऱ्यांमधील फटीत त्याची शेपटी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघे तसेच उभे राहिलो.